पाय मणामणाचे: हाफ मॅरेथॉनच्या तयारीतलं एक प्रकरण

साताऱ्यात सप्टेंबर जवळ आला की रविवारी पहाटे पाचला समर्थ मंदिराच्या बाजूला रंगीत टी-शर्टांचे घोळके दिसायला लागतात. पाऊस असो, धुकं असो, सगळ्यांची तोंडं यवतेश्वरच्या घाटाकडे. २०१२ पासून इथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते आणि तिने या गावाला धावायची सवय लावली. अंतर कुठल्याही हाफ मॅरेथॉनइतकंच, २१.०९७५ किलोमीटर. पण इथे शहरातून निघून आधी घाट चढायचा, वर वळसा घ्यायचा आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. सपाटीवर अडीच तासांत हाफ पूर्ण करणारा माणूसही इथे पहिल्यांदा आला की पंधरा-वीस मिनिटं जास्त धरूनच चालतो.

आमचा गट साठ-सत्तर जणांचा. फी नाही, पगारी कोच नाही. जे आधी पळालेत ते नव्यांना घेऊन पळतात. मी गेली सहा वर्षं मागच्या, म्हणजे सर्वांत हळू पळणाऱ्या तुकडीबरोबर असतो. या तुकडीतल्या एका धावपटूबाबत माझ्याकडून आणि गटाकडून जे झालं ते इथे सविस्तर मांडतो आहे. त्यांनी हे लिखाण वाचलं आहे, दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आहेत, आणि नाव नको एवढीच अट घातली आहे. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो, तेच इथेही चालवतो.

सुरुवात

मॅडम प्राथमिक शाळेत शिकवतात. वय त्रेचाळीस, दोन मुलं, घरी सासू-सासरे. दोन वर्षं शाहू स्टेडियमवर चालायला यायच्या, मग थोडं थोडं पळायला लागल्या. आदल्या वर्षी त्यांनी दहा किलोमीटर एक तास सोळा मिनिटांत केले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या आमच्या बॅचला आल्या. म्हणाल्या, "सर, यंदा घाट करायचाय. मेडल नाही मिळालं तरी चालेल, पण चालत नाही जायचं, पळत जायचं."

नाव नोंदवताना आम्ही एक फॉर्म भरून घेतो. त्यात रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, गुडघे, कंबर, आधीची ऑपरेशनं, चालू गोळ्या असे रकाने होते. मॅडमनी सगळीकडे 'नाही' लिहिलं. तो फॉर्म आम्ही चौघांनी मिळून तयार केला होता, आणि चौघेही पुरुष होतो.

बावीस आठवड्यांची आखणी होती. मंगळवारी सहा किलोमीटर सपाटीवर आरामात, गुरुवारी चढाचं काम, रविवारी लाँग रन. रविवारचं अंतर आठवरून हळूहळू अठरापर्यंत न्यायचं, आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचं, म्हणजे शरीराला सावरायला वेळ मिळतो. आरामाचा वेग कसा ओळखायचा, तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मॅडमचा हा वेग किलोमीटरला आठ मिनिटं होता. पहिल्या महिन्यात त्या पळता पळता मला तिसरीतल्या पोरांचे किस्से सांगायच्या, धाप लागायची नाही.

त्यांच्या मनगटाला घड्याळ होतं, आणि त्या शिक्षिका असल्याने एका दोनशे पानी वहीत दररोज नोंद करायच्या. हे प्रकरण इतक्या बारकाव्याने मांडता येतं ते या वहीमुळे. गटात इतकी स्वच्छ नोंद दुसऱ्या कोणाचीच नव्हती.

वहीतले आकडे

मंगळवारचा रस्ता कायम तोच, सहा किलोमीटर. तिसऱ्या आठवड्यातली नोंद अशी: वेग आठ मिनिटं, नाडीचे सरासरी ठोके १४१. सातव्या आठवड्यात वेग आठ मिनिटं दहा सेकंद, ठोके १५२. अकराव्या आठवड्यात वेग आठ मिनिटं चाळीस सेकंद, ठोके १६३.

पळण्याची थोडीफार समज असलेल्या कोणीही हे तीन आकडे शेजारी ठेवून बघावेत. तयारी नीट चालली असेल तर त्याच वेगाला ठोके कमी होत जातात, कारण हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं. इथे वेग उतरत होता आणि ठोके चढत होते. दोन्ही आकडे उलट्या दिशेने चालले होते.

मे महिन्यात मी म्हटलं, ऊन. ते अगदीच चुकीचं नव्हतं. उकाड्यात त्वचेकडे जास्त रक्त वळतं, घामाने पाणी जातं आणि ठोके वाढतात. गटात सगळ्यांचेच वाढले होते. पण जूनमध्ये पाऊस आला, पहाटे गारवा आला, बाकीच्यांचे ठोके खाली आले आणि मॅडमचे वाढतच राहिले. तिथे मला थांबायला हवं होतं. ती वही दर मंगळवारी माझ्यासमोर यायची. मी वेगाचा रकाना बघायचो, ठोक्यांचा नाही.

दरम्यान त्या बोलेनाशा झाल्या होत्या. किस्से बंद. एका मंगळवारी मी विचारलं तर म्हणाल्या, "पाय मणामणाचे झालेत, सर. उचलतच नाहीत." मी सांगितलं, झोप कमी पडत असेल. झोप कमी पडतच होती. पावणेपाचला घराबाहेर पडायचं म्हणून त्या साडेतीनला उठून दोन डबे आणि सकाळची भाजी करून यायच्या. माझ्या घरी त्या वेळेला मी फक्त बूट शोधत असतो. हा फरकसुद्धा मी त्यांच्या वेगाच्या हिशोबात कधी धरला नव्हता.

घाटातला रविवार

दहाव्या आठवड्याचा रविवार. पहिलाच मोठा पाऊस होऊन गेला होता. घाटात धुकं इतकं की पुढच्या माणसाचा फक्त बूट दिसावा. खाली शहराचे दिवे मध्येच दिसत, मध्येच विझल्यासारखे वाटत. आम्हाला तेरा किलोमीटर करायचे होते. चौथ्या किलोमीटरच्या आसपास एका वळणावर मॅडम कठड्याला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. मी परत फिरून गेलो. टॉर्चच्या उजेडात त्यांचे ओठ पांढुरके दिसले. मला वाटलं, उजेडामुळे दिसत असतील.

मी तेव्हा जे बोललो ते त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून मला शब्द बदलायची सोय नाही. "मॅडम, हे पायात नाही, डोक्यात आहे. डोंगराला घाबरायचं नाही. आपल्याच जिल्ह्यातली ललिता बाबर बघा, कुठून कुठे गेली."

माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातून निघालेल्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय बाई ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिम्पिक फायनलला उभी राहिली होती. साताऱ्यात पळणाऱ्या प्रत्येकाला याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण धाप लागून कठड्याला टेकलेल्या बाईला हे नाव ऐकवणं म्हणजे तिचं म्हणणं न ऐकता तिला गप्प करणं होतं. आज मी ते वाक्य वाचतो तेव्हा मला वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

पुढच्या गुरुवारी मी त्यांचे चढाचे फेरे चारवरून सहा केले. डोंगराची भीती डोंगरानेच जाईल, असा माझा समज होता.

आणखी एक गोष्ट आमच्या गटाने केली होती. दर रविवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर तक्ता पडायचा: नाव, अंतर, वेग, क्रमांक. ज्याने सुरू केला त्याचा हेतू चांगला होता, लोक नियमित यावेत. पण मॅडमचं नाव आठवड्यागणिक खाली सरकत होतं आणि सत्तर जण ते बघत होते. त्याखाली कोणी अंगठा टाकायचं, कोणी "वजन दोन किलो कमी करा, घाट हलका होईल" असं लिहायचं. त्यांनी तेही केलं. रात्रीची भाकरी बंद केली. सोमवार आणि गुरुवार असे दोन उपास आधीच होते.

निळ्या पाण्यावरचा थेंब

सव्वीस जूनला, राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीला, आमच्या गटाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. मॅडम नाव देणाऱ्यांत पहिल्या.

रक्त घेण्याआधी बोटाला सुई टोचून एक तपासणी होते, ती अनेकांनी पाहिली असेल. काचेच्या लहान बाटलीत मोरचुदाचं निळं पाणी असतं. त्याचं विशिष्ट गुरुत्व १.०५३ ठेवलेलं असतं, म्हणजे ते साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असतं. रक्ताचा थेंब त्यात वरून सोडतात. हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅमच्या वर असेल तर थेंब पाण्याहून जड ठरतो आणि पंधरा सेकंदांच्या आत तळाला जातो. रक्तदानाला किमान साडेबारा लागतं.

मी शेजारीच नावं लिहून घेत होतो. माझ्या आधीच्या मुलाचा थेंब सरळ खाली गेला होता, लाल मण्यासारखा. मॅडमचा थेंब पडला, जरासा आत बुडाल्यासारखा झाला, वर आला आणि तिथेच राहिला. निळ्या पाण्याच्या तोंडाशी. तंत्रज्ञ मुलीने बाटली बदलून पुन्हा एक थेंब सोडला. तोही वरच. मग तिने छोट्या मशीनवर मोजलं आणि आकडा मला ऐकू येऊ नये म्हणून हळू बोलली. पण मॅडमनीच मोठ्याने वाचला. "नऊ पॉइंट दोन."

मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही रक्त द्यायचं नाही. आधी डॉक्टरांना दाखवा."

मला पहिल्यांदा आठवले ते टॉर्चच्या उजेडातले ओठ.

डॉक्टरांनी काय विचारलं

दुसऱ्या दिवशी त्या एका बाई डॉक्टरांकडे गेल्या. तिथे वीस मिनिटांत जे प्रश्न विचारले गेले, ते आम्ही बारा आठवड्यांत विचारले नव्हते. पाळी किती दिवस असते? पॅड किती लागतात? गाठी जातात का? रात्री उठून बदलावं लागतं का? उत्तरं अशी निघाली की गेलं दीड वर्ष पाळी आठ दिवस चालत होती आणि पहिले तीन दिवस दर दोन-अडीच तासांनी पॅड बदलावा लागत होता. वय झालं की असं होतंच, अशी त्यांच्या घरातल्या बायकांची समजूत होती. त्यांचीही झाली होती.

मग डॉक्टरांनी विचारलं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का?"

मॅडम गप्प झाल्या आणि मग सांगितलं. पाटीवरची पेन्सिल. वर्गात पोरं पाटी पुसत असताना पेन्सिलीचे तुकडे त्या पदराआड तोंडात टाकायच्या. मार्चपासून. आधी एखादा, मग दिवसाला पाच-सहा. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण हीच गोष्ट पोरांनी केली की त्या रागवायच्या. शरीरात लोह फार कमी झालं की अनेकांना अशी विचित्र ओढ लागते, याला वैद्यकात पायका म्हणतात. मॅडम रडल्या. आपल्याला काहीतरी वाईट खोड लागली आहे असं त्यांना चार महिने वाटत होतं, आणि ते आजाराचं लक्षण निघालं.

तपासण्या आल्या. हिमोग्लोबिन ९.१. तांबड्या पेशी आकाराने लहान. फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाची खूण, ६. प्रौढ माणसात १५ च्या खाली गेलं की साठा संपला असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. सोनोग्राफीत गर्भाशयात लहान फायब्रॉइडची गाठ दिसली. रक्तस्राव वाढण्याचं कारण तिथे होतं.

हिशोब

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण पळणाऱ्या बायकांना हा हिशोब कोणीतरी समोर बसवून समजावून सांगायला हवा.

निरोगी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ऐंशी मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जात असेल तर ते अतिस्राव धरतात. म्हणजे त्या सीमेवरसुद्धा महिन्याला चाळीस मिलिग्रॅम लोह बाहेर जातं, दिवसाला सव्वा मिलिग्रॅमच्या वर. शिवाय कोणाच्याही शरीरातून रोज एखादा मिलिग्रॅम जातोच. आणि आपल्या जेवणातून रोज आतड्यातून आत घेतलं जातं ते एक ते दोन मिलिग्रॅम. मॅडमची जमा रोज खर्चाहून कमी होती आणि असं दीड वर्ष चाललं होतं. आधी साठा संपला, मग हिमोग्लोबिन उतरायला लागलं. एप्रिलमध्ये त्या बोलत बोलत पळू शकत होत्या, कारण तोवर घसरण आतल्या आत चालली होती.

हिमोग्लोबिन तेराचं नऊ झालं की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटते. स्नायूंना तर तितकाच प्राणवायू हवा असतो, मग हृदय जास्त वेळा धडकून भरपाई करतं. १४१ चे १६३ ठोके कुठून आले, त्याचं उत्तर हे. पाय खरंच मणामणाचे झाले होते. डोक्यात काही नव्हतं.

पळण्याने भर घातली का? थोडी. पाऊल जमिनीवर आपटताना तळव्यातल्या बारीक वाहिन्यांत काही तांबड्या पेशी फुटतात. घामातूनही किंचित लोह जातं. आणि जोरदार व्यायाम झाल्यावर साधारण तीन ते सहा तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं, ते आतड्यातून लोह आत येण्याची वाट अडवतं. पण ही सगळी चिल्लर होती. मोठी रक्कम पाळीतून जात होती, आणि वरून आम्ही भाकरी बंद करायला लावली होती.

चहाचं वेगळं सांगायला हवं. लाँग रन संपला की टपरीवर चहा, ही आमची रीत. सोबत घरून आणलेले पोहे किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू. चहातले टॅनिन जेवणातल्या लोहाला बांधून ठेवतात, त्यामुळे लाडूतून जे मिळायचं तेही वाया. मॅडमचा दिवसाचा चहा चार कप होता, प्रत्येक खाण्याबरोबर एक.

हे एकटीचं प्रकरण आहे असं समजू नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली निघालं. महाराष्ट्राचा आकडा ५४.२. म्हणजे माझ्या तुकडीत दहा बायका उभ्या असतील तर निम्म्यांच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्या दिवशीच डोक्यात यायला हवा. मी गुडघे विचारत बसलो होतो.

उपचार आणि परत रस्त्यावर

डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, आठवड्यातून तीन दिवस, सोमवार-बुधवार-शुक्रवार. रोज घेतली तर लवकर भरेल असं वाटतं, पण एक गोळी घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीची गोळी कमी प्रमाणात आत जाते, त्यापेक्षा दिवसाआड घेतलेली पोटालाही सोसते. सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. आधी-नंतर तासभर चहा, दूध नाही. शौच काळी होईल, घाबरायचं नाही. पाळीच्या दिवसांसाठी वेगळ्या गोळ्या, आणि गाठीवर दर काही महिन्यांनी लक्ष.

सगळ्या गटाने सल्ल्यांचा भडिमार केला. बीट खा, पालक खा. बिटाचा रंग लाल म्हणून ते रक्त वाढवतं अशी समजूत आहे, पण त्यात लोह जेमतेम असतं. पालकातलं लोह शरीराला नीट मिळत नाही. त्यापेक्षा आपल्याकडचीच अळिवाची खीर, मोड आलेली मटकी, हुलग्याचं पिठलं, बाजरीची भाकरी आणि प्रत्येक ताटावर लिंबाची फोड. मोड आणले की दाण्यातली फायटेटं, म्हणजे लोहाला बांधून ठेवणारी द्रव्यं, कमी होतात आणि लोह मोकळं होतं. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, साठा संपलेला असताना नुसत्या जेवणाने भरत नाही. गोळी ती गोळी. मॅडमनी भाकरी पुन्हा सुरू केली आणि उपासाचा एक वार सोडला. सोडताना त्यांना जड गेलं. सासूबाईंनीच सांगितलं, "देव काय तुझं रक्त मागतोय का?" आणि विषय संपला.

पहिले चार आठवडे फक्त चालणं. जुलैअखेर हिमोग्लोबिन १०.४. पेन्सिलीची ओढ त्याआधीच, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गेली होती, हे त्यांना सगळ्यांत मोठं सुख. ऑगस्टमध्ये दोन मिनिटं पळायचं, दोन मिनिटं चालायचं, सपाटीवर. ऑगस्टअखेर ११.९.

आणि आठवड्यावर शर्यत. पैसे भरलेले, बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आलेला. गटात दोन तट पडले. निम्मे म्हणाले, चालत का होईना करू द्या, एवढी मेहनत घेतली आहे. मी ठाम नको म्हणालो. तयारीतला सर्वांत महत्त्वाचा काळ, जूनअखेर ते ऑगस्ट, गेलेला होता. लाँग रन तेराच्या पुढे गेलेच नव्हते. रक्त भरून आलं तरी पायाच्या हाडांना आणि पोटऱ्यांना घाट उतरण्याची सवय लागलेली नव्हती, आणि उतार मांड्यांना चढापेक्षा वाईट मारतो. पण मागच्या वेळी मी त्यांचं न ऐकता ठरवलं होतं, म्हणून या वेळी डॉक्टरांसमोर त्यांनाच विचारलं. त्या दोन दिवस विचार करून म्हणाल्या, "यंदा मी पाणी देते."

शर्यतीच्या दिवशी त्या घाटात पाण्याच्या टेबलावर उभ्या होत्या, रेनकोट घालून, साडेपाच वाजल्यापासून. मी वर पोचलो तेव्हा त्यांनी ग्लास हातात दिला आणि "सर, ओठ बघू," म्हणाल्या.

गटात काय बदललं

रविवारचा तक्ता बंद केला. याला विरोध झाला. चढाओढीनेच लोक येतात असं काहींचं म्हणणं होतं, आणि वेगवान तुकडीसाठी ते खरंही असेल. त्यांनी त्यांचा वेगळा ठेवावा. मागच्या तुकडीत आता प्रत्येकाने स्वतःचेच दोन आकडे, वेग आणि ठोके, मागच्या महिन्याच्या शेजारी लिहायचे. ठोके दोन-तीन आठवडे सलग चढत राहिले आणि वेग उतरला, तर त्या माणसाचं चढाचं काम थांबतं आणि रक्त तपासून यायचं. पुरुषांनाही हेच लागू.

टपरी आहे, चहाही आहे. पण आधी लिंबू सरबत आणि खाणं, चहा तासाभराने घरी. पहिल्या महिन्यात टपरीवाल्या काकांची कुरकुर होती. आता त्यांनी लिंबाची टोपलीच ठेवली आहे.

फॉर्ममध्ये पाळीचे रकाने आले. यावर गटातल्या एका ज्येष्ठांनी आक्षेप घेतला होता. "आपण पळायला येतो, दवाखाना चालवायला नाही. बायकांना असलं विचारायचं?" त्यांचा संकोच मी समजू शकतो, मलाही तोच होता. पण आम्ही पुरुषांच्या छातीतल्या कळांविषयी बिनदिक्कत विचारतो. ज्या गोष्टीने निम्म्या बायकांची धाव अडते ती विचारायला लाज वाटते म्हणून एखाद्या बाईला घाटात कठड्याला टेकू द्यायचं, हे मला यापुढे जमणार नाही. एवढं मान्य केलं की विचारणारी व्यक्ती बाई असावी आणि उत्तर देणं ऐच्छिक असावं.

डिसेंबर

ऑक्टोबरमध्ये हिमोग्लोबिन १२.६ झालं. गोळ्या पुढेही तीन महिने चालू ठेवायच्या होत्या, कारण हिमोग्लोबिन भरल्यावर मग साठा भरायला लागतो. नव्याने आखणी केली, चढाचे फेरे दोनपासून. मंगळवारच्या त्याच रस्त्यावर त्याच आठ मिनिटांच्या वेगाला ठोके १३८ आले त्या दिवशी त्यांनी वही माझ्यासमोर उघडून फक्त बोट ठेवलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मॅडम, तुकडीतल्या आणखी दोघी आणि मी, असे चौघे पहाटे निघालो. बिब नाही, मेडल नाही, रस्ता मात्र तोच. थंडी कडाक्याची होती आणि घाटातलं गवत वाळून पिवळं पडलेलं. चौथ्या किलोमीटरच्या त्या वळणावर मी मुद्दाम काही बोललो नाही. त्याच बोलत होत्या. वर्गातल्या एका पोराने बेरीज करताना हातचा कुठे ठेवला याचा किस्सा होता, आणि तो संपेपर्यंत वळण मागे पडलं होतं. एकवीस किलोमीटर त्यांनी दोन तास एकावन्न मिनिटांत केले, कुठेही न चालता.

यंदाच्या एप्रिलच्या बॅचला बायकांचे फॉर्म त्याच भरून घेतात. त्यांनी आपलं टेबल आमच्या टेबलापासून उचलून लांब, दारापाशी नेऊन ठेवलं आहे, आणि त्यापुढे दोन खुर्च्या समोरासमोर.